पलटलं कोण?

कालव्याचं पाणी बंद झालं ते कुणाला सांगून-सवरून नाही. आज बदकं छातीइतक्या पाण्यात डुंबत होती, उद्या त्यांचे पंजे बुडेनात, आणि मग एका सकाळी कालव्याच्या पोटात नुसता चिखल उरला. त्यावर बदकांच्या पावलांची दाट नक्षी तेवढी उमटलेली. वळणावर जिथं कालवा जरा खोल होता तिथं एक डबकं राहिलं होतं. सगळा कळप त्या डबक्यात असा खेटून बसायचा, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पाण्यावर राखाडी गोधडीच पसरून ठेवलीय.

ताई काठावर उभी राहून त्या गोधडीकडे बघत होती. गोधडी रोज तेवढीच. खालचं पाणी मात्र रोज आटत चाललेलं.

कळपावर चौघं जगत होती. म्हातारी आई, तिची ही थोरली लेक, लेकीचा पाठचा भाऊ आणि भावजय. नवरा गेल्यावर ताई माहेरी परतली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. पण बदकं हाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून घरात तिला कुणी पाहुणी समजलं नाही आणि ओझंही समजलं नाही. बाप वारला तेव्हा आईनं कळपाचे तीन वाटे केले. एक लेकाचा, एक लेकीचा, एक सुनेचा. "सून घाण उपसते, वाटाही तिचाच," असं आई म्हणाली, तेव्हा भाऊ बरेच दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. पण वाटे राहिले ते तोंडीच. एकाच दिव्याच्या उबेत अंड्यातून बाहेर पडलेली बदकं एकमेकांना सोडत नाहीत. निम्मी इकडे हाकली आणि निम्मी तिकडे, तर दोन्हीकडची मान वर करून ओरडत बसतात, खात नाहीत, आणि अंडं द्यायचं विसरून जातात. दुसऱ्या एका कळपाच्या दोघा भावांनी तसं करून पाहिलं होतं. पुढच्या हंगामात दोघंही एकाच वीटभट्टीवर विटा वाहत होते आणि तिथंही एकमेकांशी बोलत नव्हते.

कळप एक, म्हणून ठरवायचं तेही एकच. त्यासाठी घरात एक रीत होती. संध्याकाळी बदकं जाळीच्या कुंपणात घातली, की आई हाकायची लांब काठी जमिनीवर आडवी टाकायची. काठीच्या अलीकडे एक वाट, पलीकडे दुसरी. ज्याला जी पटेल त्या बाजूला त्यानं जाऊन उभं राहायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. "तोंडानं बोलायला लागलात की ज्याचा गळा मोठा त्याचं खरं," आई म्हणायची. "पायानं सांगा." तीन वाटा असल्या तर आधी दोनच विचारायच्या, त्यातली जी राहील ती तिसरीशी लावायची. विचारणारी आई. ती स्वतः कुठल्याच बाजूला उभी राहायची नाही.

या वेळी वाटा तीनच होत्या.

कालव्याचं फाटक सांभाळणारा सायकलवरून जाता जाता एक पाय टेकून म्हणाला होता, "वरून निरोप आला की सोडतो. उद्याही येईल, महिन्यानंही येईल. मी काय बाई, मी नुसता चाक फिरवणारा." ताईला त्यातलं फक्त 'उद्या' ऐकू आलं. तिचं म्हणणं, थांबावं. आईचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. निघायचंच झालं तर नदी बरी, सकाळी निघालं की उन्हं कलायच्या आत पोचता येतं. तळं मात्र नको. कोरड्या माळानं तीन दिवसांची चाल, बदकांचे पंजे फाटतील, आणि आई... पुढचा विचार ती करायची नाही.

भावाला तळंच हवं होतं. तिथलं पाणी कधी आटलं नाही, भोवती कापणी झालेली खाचरं, सांडलेलं धान्य. तळं नाही तर मग इथंच थांबू, पण नदी नको. मागच्या साली नदीकाठच्या एका वावरात कुणीतरी औषध मारलं होतं. बदकं त्यात शिरली ती हसतखेळत, आणि बाहेर आली ती भिंगरीसारखी फिरत. भावानं त्यांना स्वतःच्या हातांनी खड्ड्यात घातलं होतं. त्याच्या नखांतली ती माती निघाली, पण नदीचं नाव काढलं की तो अजूनही हात कपड्याला पुसायचा.

भावजयीला इथं एक दिवसही राहायचं नव्हतं. डबकं ती उपसायची, पहाटे अंडी ती वेचायची, आणि अंड्यांबरोबर तिला आता मान टाकलेली बदकंही सापडायला लागली होती. गरम, सडक्या पाण्यानं होतं ते. बदक जिवंत असतं, डोळे उघडे असतात, पण मान वर धरता येत नाही. तिला नदी हवी होती, वाहतं पाणी. नदी नाही तर तळं. पण हे डबकं नको.

पहिल्या संध्याकाळी आईनं काठी टाकली आणि हातगाड्याच्या काठावर टेकून विचारलं, "थांबायचं, का नदीला जायचं?"

ताई अलीकडे उभी राहिली. भाऊ येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. भावजय पलीकडे एकटी.

"नदी गेली. आता, थांबायचं का तळ्याला जायचं?"

भावानं काठी ओलांडली. भावजयही त्याच्या बाजूला. आता ताई एकटी.

"तळं," आई म्हणाली, आणि काठी उचलली. ठरलं म्हणजे ठरलं. ताईनं ताडपत्री गुंडाळायला घेतली. पायानं सांगायचं होतं आणि पाय हरले होते.

सकाळी सगळं बांधून झालं, तर आईच्या पायात चपला जाईनात. भावानं खाली बसून पट्टे सैल केले, मग सोडूनच टाकले, मग तसाच तिच्या पायाशी बसून राहिला. "आजचा दिवस राहू दे," तोच म्हणाला.

संध्याकाळी भावजयीनं विषय काढला. "एक दिवस गेलाच आहे, तर परत विचारा की आई. माणसाचं मन रात्रीतून बदलतं."

"बदलू दे की. काठी कुठं झिजतेय?" आईनं काठी टाकली. वय झालेलं, काल कुठून सुरुवात केली ते तिच्या ध्यानात नव्हतं. "नदी, का तळं?"

ताई आणि भावजय नदीकडे. भाऊ तळ्याकडे एकटा.

"तळं गेलं. नदी, का थांबायचं?"

ताई नदीवरून थांबण्याकडे आली. भाऊही थांबण्याकडे आला. भावजय नदीकडे एकटी राहिली.

"थांबायचं," आई म्हणाली. पण काठी उचलायला वाकली तोवर भाऊ बायकोवर धावून गेला होता.

"काल माझ्या शेजारी उभी होतीस तळ्याला! आज नदी? काय गं, पलटलीस?"

"मी पलटले? आणि तुम्ही हो? काल तळ्याला नाचत गेलात, आज थांबायला उभे!"

"आणि ही बघ," भावानं ताईकडे बोट केलं. "एका दमात नदीला, दुसऱ्या दमात थांबायला. आमच्या घरात पाय नाहीत, भोवरे आहेत."

"वन्सं तर काय, वारा येईल तिकडं," भावजय म्हणाली, आणि लगेच तिनं ओठ चावले. असं ती पूर्वी कधी बोलली नव्हती.

ताईला राग आला नाही. तिला गोंधळल्यासारखं झालं. मी पलटले का? तिनं स्वतःलाच विचारून पाहिलं. मनात तर सगळं काल होतं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भावजय जाळीतून बाहेर आली ती ओटीत अंडी घेऊन नाही. दोन्ही काखांत बदकं होती, माना तिच्या कोपरांवरून खाली लोंबत होत्या. तिनं ती भावाच्या पुढ्यात ठेवली. "घ्या. थांबा आता." भावानं एकाची मान हातावर घेऊन सरळ केली. हात काढला की मान खाली. परत वर केली. परत खाली.

तिसऱ्या संध्याकाळी कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आईनं काठी टाकली. "तळं, का थांबायचं?" दोघं तळ्याला. "तळं, का नदी?" दोघी नदीला. नदी ठरली.

भाऊ हलला नाही. काठीच्या पलीकडे, तळ्याच्या बाजूला, तसाच उभा राहिला.

"एकदा तळं, एकदा थांबा, एकदा नदी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "ह्या दोघी मला खेळवताहेत आई. आज ही माझ्या बाजूला, उद्या ती. मला वाटा मोकळा करून दे. उद्या सकाळी माझी बदकं घेऊन मी तळ्याला जातो."

"कळप तुटेल रे," आई म्हणाली.

"कळपाचं काय घेऊन बसलीस? माणसं तुटलीत ती बघ."

आणि त्यानं खरंच केलं. सकाळी बदकं बाहेर काढायची सोडून त्यानं जाळीचं कुंपण मधून आडवं लावलं आणि बदकं दोन्हीकडे हाकली. ती दोन्हीकडून जाळीला येऊन भिडली, किती हाकली तरी हलेनात. चोची भोकांतून बाहेर काढून ओरडायला लागली. तो ओरडा असा होता की लांबच्या रस्त्यानं जाणारा अंडीवाला मोटारसायकल थांबवून बघत राहिला. भाऊ जाळीच्या ह्या बाजूला उभा, कानावर हात न ठेवता. भावजय त्या बाजूला घमेल्यानं पाणी ओतत होती, डोळे पुसत होती, का घाम, ते दिसत नव्हतं.

ताईनं हातगाड्याच्या सावलीत काठी आडवी टाकली.

"काय करतेस?" आईनं गाड्यावरून विचारलं.

"चोर पकडतेय. तिघांतलं कुणीतरी पलटलंय. कोण ते मला आज बघायचंच आहे. तू विचार, आई. पहिल्या संध्याकाळी विचारलं होतंस तसं."

"तू एकटी कशी उभी राहशील?"

"तिघांची मीच."

आईला गंमत वाटली. पाय दुखत असतानाही ती जरा हसली. "थांबायचं, का नदी?"

ताई आधी स्वतः उभी राहिली, थांबण्याकडे. मग भाऊ झाली. भाऊ व्हायचं म्हणजे खांदे पाडायचे, डावा पाय जरा बाहेर टाकायचा. तसं चालत ती काठीपाशी आली, आणि तिला अडायला झालं. भाऊ कुठं उभा राहील हे ठाऊक होतं, पण तिथं त्याच्यासारखं उभं राहायचं तर आत काय असेल? नदी म्हणताच तिचे हात आपोआप कपड्याला गेले. पुसले गेले. नखांत माती असल्यासारखे. ती थांबण्याकडे उभी राहिली, आणि या वेळी ती स्वतःसाठी उभी होती तशी नव्हती. तीच जागा, पण भीतीनं पाय रोवलेले.

मग भावजय झाली. पदर खोचला, पावलं छोटी केली. दोन्ही काखांत दोन माना लोंबताहेत असं तिला वाटलं, आणि मग थांबण्याकडे पाय टाकवेचना. ती नदीकडे गेली.

असं तिनं पहिली संध्याकाळ केली, मग दुसरी, मग तिसरी. आई विचारत गेली, ताई कधी ही, कधी तो, कधी स्वतः, काठीच्या ह्या बाजूनं त्या बाजूला जात राहिली. घामानं पाठ भिजली. शेवटी ती काठीवरच बसली.

"सापडला?" आईनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे?"

"कुणीच पलटलं नाही, आई." ताईचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तिन्ही संध्याकाळी मी थांबा, नाहीतर नदी, नाहीतर तळं. तो तळं, नाहीतर थांबा, नाहीतर नदी. ती नदी, नाहीतर तळं, नाहीतर थांबा. तसूभरही कुणी हललेलं नाही. थांबणं नदीला हरवतं. नदी तळ्याला हरवते. आणि तळं परत थांबण्याला हरवतं. गोल आहे, आई. घाण्यासारखं. तू जिथून सुरू करशील तिथून, जी वाट शेवटाला ठेवशील ती जिंकणार."

जाळीवर बदकांचा आकांत चालूच होता.

तिघं माणसं, तिन्ही धड, तिघांनाही आपापलं नीट कळलेलं. आणि तिघांची मिळून जी एक इच्छा व्हायची, तिला डोकं नाही, शेपूट नाही. वाकून विहिरीत बघावं आणि आपला चेहराही दिसू नये, तळही दिसू नये, तसं ताईला झालं.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक बाई? जे आधी आठवायचं ते आधी विचारायची मी." आईनं सुजलेल्या पायावरून हात फिरवला, आणि तो हात मध्येच थांबला. "त्या साली... तुझे वडील होते, तुझा काका होता, तुझी आजी होती. टेकडीमागं जायचं, का पुलापलीकडे, का घरी परतायचं. तेव्हाही असंच भांडण झालं होतं गं. मी पूल शेवटी विचारला होता. आपण पुलापलीकडे गेलो."

"तिथंच माझं लग्न ठरलं," ताई म्हणाली.

"तिथंच."

ताईला तो सगळा जन्म आठवला. नवरा, त्याचं मोठ्यानं हसणं, त्याचं दुखणं, ते बिऱ्हाड, तिथून इथवर परतण्याची चाल. सगळं एका संध्याकाळी आईच्या जिभेवर कुठला शब्द आधी आला त्यावर उभं होतं.

"म्हणजे मीच ठरवत होते का सगळ्यांचं?" आईनं घाबरून विचारलं.

"तू कसं? तुला तर माहीतच नव्हतं."

"मी नाही, तुम्ही नाही. मग कोण?"

हा प्रश्न ताईला आवडलाही, आणि त्याची भीतीही वाटली. आभाळाकडे एकटक बघितल्यावर वाटते तशी.

आईनं खाली वाकून हळू आवाजात म्हटलं, "मग आज थांबणं शेवटाला विचारू? कुणाला कळणार नाही."

ताईच्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला सांगा. आईला कुठं हलवायचं नाही, पाणी उद्या येईल, आणि कुणी काही म्हणू शकणार नाही, कारण रीतीनंच झालेलं. तिनं आईच्या पायांकडे पाहिलं, मग जाळीकडे. भावजयीनं घमेलं खाली ठेवलं होतं आणि ती वाकून एका बदकाची मान उचलून बघत होती.

"नको," ताई म्हणाली. "मी आत्ताच तिच्या जागी उभी राहून आले."

संध्याकाळी तिनं दोघांना हाक मारली. भाऊ आला, पण अंतर राखून. "आता काय राहिलंय?"

"तू विचार आज. काठी तू टाक. आम्ही दोघींनी मिळून तुला खेळवलं म्हणतोस ना, मग हवं तसं विचार, हवं तिथून सुरू कर. तुझ्या जागेवर मी उभी राहते, तू कुठं उभा राहिला असतास ते मला सांग."

भावानं विचारलं. आधी तळं शेवटाला ठेवून. मग नदी. मग थांबणं. दर खेपेला जी वाट त्यानं शेवटी काढली तीच जिंकली. तिसऱ्या खेपेला त्यानं काठी हातात घेतली आणि फिरवून बघितली, जणू तिच्या पोटात काही लपवलेलं आहे.

"करणी केलीत का काय कुणी हिच्यावर?"

"काठी सरळ आहे रे," आई म्हणाली.

भावजयीनं तोंडावर हात ठेवला. आधी ताईला वाटलं ती रडतेय. "म्हणजे मी पलटले नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस."

"आणि वन्सं, तुम्हीही नाही."

"मी नाही आणि हाही नाही."

भावजय नवऱ्याकडे वळली. "भोवरा म्हणालात मला."

"तिला म्हणालो. तुला नाही," भाऊ म्हणाला. मग मान खाली घालून, "दोघींना म्हणालो."

एवढीच माफी. पण त्या घरात एवढीही कुणी मागितली नव्हती.

"आता मग ठरवायचं कसं?" भाऊ खाली बसला. "असं तर आपण म्हातारे होऊ."

"कुणीतरी आता खरंच पलटायला हवं," ताई म्हणाली.

तीन दिवस ज्या शब्दानं एकमेकांना बोचकारलं, तोच आता कुणीतरी अंगावर घ्यायचा होता.

"मी सोडते थांबायचं," ताई म्हणाली. "मी नदीला."

"तुम्ही कशाला? मीच सोडते नदी," भावजय म्हणाली. "यांच्याबरोबर तळ्याला."

"बसा गं दोघी. मी सोडतो तळं. थांबू इथंच," भाऊ म्हणाला. "आईचे पाय बघा जरा."

आईनं काठी टाकली आणि विचारलं. थांबायचं का नदी? ताई आणि भावजय नदीला. नदी का तळं? भाऊ आणि भावजय तळ्याला. कुणीतरी समाधानानं श्वास सोडला, पण ताई म्हणाली, "अजून एक विचार आई. तळं, का थांबायचं?"

ताई आणि भाऊ थांबण्याकडे उभे होते.

"अगं आई गं," भावजय म्हणाली.

परत गोल. तोच गोल, उलटा फिरणारा. प्रत्येकानं आपली वाट टाकून दुसऱ्याची धरली होती, आणि जग जागच्या जागी राहिलं होतं. भावाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. तो हसता हसता आडवा झाला. भावजयीला त्याच्या हसण्याचं हसू आलं, आणि आई गाड्यावर बसल्या बसल्या डोळे पुसू लागली. ताई मात्र हसली नाही. तिला त्या काठीला वाकून नमस्कार करावा की काय असं वाटत होतं. भांडून जे सुटलं नव्हतं ते प्रेमानंही सुटलं नव्हतं. काय म्हणायचं असल्या गोष्टीला?

"सगळ्यांनी नाही," ती शेवटी म्हणाली. "एकानंच. मी एकटीच सोडते. मी नदीला आले की नदी दोन्हीला हरवते, कुठूनही विचारा. ठरतं. पण..." ती भावासमोर जाऊन बसली. "सोडणार मी, आणि मार बसणार तुला. नदी तुझी शेवटची आहे. तुझी बायको सोडणार तर मार मला बसतो. तू सोडणार तर तिला. म्हणून मी माझं विचारत नाही. तुला विचारते. नदी सोसेल तुला?"

भावाचं हसणं थांबलं. त्याचे हात कपड्याकडे गेले आणि मध्येच राहिले. त्यानं ते समोर धरून पाहिले.

"असं आजवर कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "जिंकलं कोण तेवढंच बघायचो आपण."

"आता विचारतेय. नाही म्हणालास तर दुसरीकडून बघू. मी तळंही..." तिला ते पुरतं म्हणता येईना.

भाऊ जाळीकडे बघत राहिला. दोन्हीकडची बदकं ओरडून ओरडून घसा बसल्यासारखी झाली होती, पण जाळी सोडून कुणी हललं नव्हतं.

"पुढं मी चालणार," तो म्हणाला. "सगळ्यांच्या पुढं. प्रत्येक वावर आधी मी बघणार. मी हात वर केला की काठ्या थांबल्या पाहिजेत. का, कशाला, विचारायचं नाही."

"नाही विचारणार," भावजय म्हणाली.

"रात्र झाली तरी."

"झाली तरी."

त्यानं उठून मधली जाळी सोडली. गाठी घट्ट बसल्या होत्या, दातांनी ओढाव्या लागल्या. जाळी खाली पडली आणि दोन्हीकडची बदकं एकमेकांत अशी मिसळली की मध्ये कधी काही होतं याची खूण उरली नाही. ओरडा एकदम थांबला. कानांत नुसती शांतता वाजायला लागली.

तांबडं फुटता फुटता ती निघाली. आई हातगाड्यावर, ताडपत्रीच्या गुंडाळीला टेकून. गाडा ताई ढकलत होती आणि एका हातानं काठी सांभाळत होती. दुसऱ्या बाजूला भावजय, काठीच्या टोकाची चिंधी जमिनीलगत हलवत. मध्ये कळप, आणि सगळ्यांच्या पुढे भाऊ, हातात काही न घेता.

प्रत्येक बांधाशी तो थांबायचा. हात वर जायचा. दोन्हीकडच्या काठ्या खाली यायच्या, कळप जागच्या जागी उभा राहायचा. तो वाकून धसकटं मोडायचा, चुरगाळून नाकाशी धरायचा, गोगलगायी बघायचा, बेडूक बघायचा, वावरावर पाखरं उतरतात का बघायचा. मग हात खाली. कळप पुढे. एका वावरापाशी हात खाली आलाच नाही. हिरवंगार, ओलं, काठोकाठ धान्य सांडलेलं वावर. बदकांच्या माना तिकडे ताणल्या होत्या. पण त्यावर एक पाखरू नव्हतं. तो वळला, हातानं लांबचा रस्ता दाखवला. ऊन चढत होतं, आईचा चेहरा उतरला होता, आणि त्या वळशानं किती चाल वाढणार ते ताईला दिसत होतं. तिनं काठी फिरवली. भावजयीनं फिरवली. कुणी विचारलं नाही.

दुपार कलली तेव्हा पुढच्या बदकांनी माना उंच केल्या. माणसांना अजून काही दिसत नव्हतं, वासही नव्हता. पुढच्यांनी माना उंच केल्या तशा मागच्यांनीही, आणि तो सगळा कळप, ज्यात कुणी पुढारी नव्हतं आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं, एकदम उताराकडे वळला. ताईनं काठी खांद्याला लावली आणि हाकणं सोडून दिलं. गोधडी आता पसरली नव्हती, वाहत होती. हे कोण ठरवतं, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिनं तो हातही न लावता तसाच राहू दिला.

शेवटच्या बांधाशी भाऊ उभा होता. त्यानं हात वर केला. कळप थांबला नाही. थांबण्यासारखा राहिलाच नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंनी बदकं निघून गेली, काठावरून खाली, आणि पाण्यात पडण्याचा तो आवाज सुरू झाला, एक, मग दहा, मग मोजण्यापलीकडे. भावजय तशीच कपड्यांनिशी गुडघाभर पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारत राहिली. आईनं गाड्यावरून विचारलं, "थंड आहे का गं?" आणि उत्तराची वाट न बघता पाय सोडायला लागली.

बदकं पाण्यावर होती. माना सरळ होत्या. एकही फिरत नव्हतं.

भाऊ बांधावर तसाच उभा होता. पाण्याकडे बघत, एकेक मान तपासत. त्याचा हात अजून वरच होता. ताई गाडा सोडून त्याच्यापाशी गेली, आणि तिनं तो हात दोन्ही हातांनी धरून हळूच खाली आणला.